सुखाला त्याच्या नावानं बोलवणारा गणिताचा प्रोफेसर : र. धों. कर्वे

१४ ऑक्टोबर हा रघुनाथ धोंडो कर्वे यांचा स्मृतिदिन. १९५३ साली याच तारखेला ते गेले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं नाव मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. विधवांसाठी आश्रम, मुलींसाठी विद्यापीठ, पुढे भारतरत्न. त्यांच्या थोरल्या मुलाचं नाव मात्र शाळेत कुणी शिकवत नाही. आदिलाबाद असो, किनवट असो की पांढरकवडा, तीच गत. कारण रघुनाथरावांनी ज्या विषयाला हात घातला, तो विषय निघाला की आजही घरातले मोठे लोक टीव्हीचा चॅनेल बदलतात.

विषय होता स्त्री-पुरुषांचं कामजीवन. त्यातही बाईचं सुख.

त्यांची आठवण काढायला सध्या आणखी एक कारण आहे. मोबाईलवर अधूनमधून एक गोष्ट फिरते. व्हायब्रेटर नावाचं यंत्र इंग्लंडच्या डॉक्टरांनी शोधलं, हिस्टेरिया झालेल्या बायकांना ते हातानं मालिश करून थकले, म्हणून हात वाचवायला त्यांनी यंत्र आणलं, अशी ती गोष्ट. ऐकायला मजेशीर आहे. त्यावर नाटक निघालं, २०११ मध्ये इंग्रजी सिनेमाही आला. पण ती बहुतांशी खरी नाही. खरी गोष्ट वेगळी आहे आणि ती समजून घ्यायला कर्व्यांचं आयुष्य फार उपयोगी पडतं. कारण यंत्र जगात आलं तेव्हा ते कशासाठी आहे हे उघडपणे बोलायची हिंमत तिकडेही फार थोड्यांनी केली. आणि ज्या माणसानं ते मराठीत स्पष्ट बोलून दाखवलं, त्याला आपल्या समाजानं कोर्टात उभं केलं.

मुरूडचा मुलगा

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. गाव कोकणातलं मुरूड, दापोली तालुक्यातलं. आई राधाबाई. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये, राधाबाई बाळंतपणात गेल्या. त्या काळात ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. घरोघरी एखादी सून, एखादी लेक अशी जायची आणि लोक नशिबाला बोल लावायचे. पण पुढे ज्या माणसानं बाळंतपणं थांबवण्याचं ज्ञान वाटण्यात उभं आयुष्य घालवलं, त्याच्या लहानपणीची ही घटना नजरेआड करता येत नाही.

दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडोपंतांनी दुसरं लग्न केलं ते एका विधवेशी. गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या होत्या. या लग्नापायी मुरूडच्या मंडळींनी कर्वे कुटुंबाला वाळीत टाकलं. चारचौघांच्या विरोधात गेलं की काय होतं, हे रघुनाथनं असं घरातच पाहिलं.

मुलगा हुशार होता. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत तो पहिला आला. फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ मध्ये बी.ए. झाला. विषय गणित. पुढे गणिताचं शिकवणं हाच पेशा झाला. उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले आणि गणितातली पदविका घेऊन आले. फ्रेंच भाषा त्यांना उत्तम येत होती. मूळचा गणिती स्वभाव आणि त्यात युरोपातलं वाचन. एखादी गोष्ट सिद्ध होते की नाही, एवढंच ते विचारायचे. ती शास्त्रात लिहिली आहे की वाडवडील सांगत आले आहेत, याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. देव-धर्मही त्यांनी याच मापानं मोजला आणि नाकारला.

दोघांनी मिळून घेतलेला निर्णय

त्यांची पत्नी मालतीबाई, माहेरच्या गंगूबाई गोडे. दोघांनी एक गोष्ट ठरवली. मूल होऊ द्यायचं नाही. ज्या कामाला हात घालायचा आहे त्यात पैसा मिळणार नाही, लोक नावं ठेवतील, उद्या नोकरीही जाईल. अशा संसारात मूल आणायचं कशाला, असा हिशेब. आज शहरातली जोडपी असं ठरवतात तरी नातेवाईक जीव नकोसा करतात. तेव्हा शंभर वर्षांपूर्वी मालतीबाईंना काय काय ऐकावं लागलं असेल, याचा अंदाज कोणत्याही सासुरवाशिणीला करता येईल.

कर्व्यांच्या कामाबद्दल लिहिताना मालतीबाईंचं नाव बहुधा एका ओळीत आटोपतं. हे बरोबर नाही. नवऱ्याची कमाई बंद झाली तेव्हा संसाराचा भार त्यांनी उचलला. त्या नसत्या तर पुढचं काहीच उभं राहिलं नसतं.

१९२१ मध्ये कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. भारतातलं असं हे पहिलं केंद्र मानलं जातं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स या बाईंनी तिथलं पहिलं केंद्र उघडलं होतं. म्हणजे या एका बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. १९२३ मध्ये त्यांचं ‘संततिनियमन’ हे पुस्तक आलं. गर्भ कसा राहतो, तो न राहू देण्याचे कोणते उपाय आहेत, कोणता भरवशाचा, कोणता बिनकामाचा, हे सगळं साध्या मराठीत. साधनं लोकांना मिळावीत म्हणून राइट एजन्सी या नावानं त्यांनी विक्रीचीही सोय केली.

तेव्हा ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्रोफेसर होते. कॉलेज मिशनऱ्यांचं. गणिताचा प्रोफेसर असल्या विषयावर उघड लिहितो, बोलतो, हे व्यवस्थापनाला मानवलं नाही. प्रचार की नोकरी, असा पेच पडला. कर्व्यांनी १९२५ मध्ये नोकरी सोडली. ख्रिस्ती व्यवस्थापन आणि हिंदू सनातनी यांचं बाकी कशावर जमो न जमो, कर्व्यांना विरोध करण्यावर मात्र त्यांचं एकमत होतं.

यंत्राची खरी गोष्ट

कर्वे जन्मले त्याच सुमाराला, १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला, लंडनमध्ये जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल नावाचे डॉक्टर एक यंत्र तयार करत होते. विजेवर चालणारं, हातात धरता येणारं, अंगावर भराभर ठोके देणारं. शरीरातल्या नसांना ठराविक कंपन दिलं की दुखणं कमी होतं, असा त्यांचा सिद्धांत होता. त्याआधी अमेरिकेत जॉर्ज टेलर नावाच्या डॉक्टरनं वाफेवर चालणारी मालिशची अवजड यंत्रं बनवली होती. पण हातात धरायच्या विजेच्या व्हायब्रेटरचा जनक म्हणून नाव घेतात ते ग्रॅनव्हिल यांचंच.

आता गंमत अशी, की ग्रॅनव्हिल यांनी हे यंत्र मुख्यतः पुरुषांच्या नसांच्या आणि स्नायूंच्या दुखण्यासाठी वापरलं. १८८३ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी साफ सांगून टाकलं, की बायकांवर हे यंत्र चालवण्याचं आपण टाळलं आहे आणि पुढेही टाळणार. हिस्टेरियाच्या रोग्यांच्या नादी लागून आपली फसगत होऊ नये, हे त्यांचं कारण. म्हणजे ज्या माणसाच्या नावावर ती मोबाईलवरची गोष्ट खपवली जाते, त्यानं नेमकं उलटं लिहून ठेवलं आहे.

मग गोष्ट आली कुठून? १९९९ मध्ये रेचल मेन्स या अमेरिकी अभ्यासक बाईंचं पुस्तक आलं. डॉक्टर लोक हिस्टेरियावर इलाज म्हणून बायकांना कामतृप्ती देत आणि यंत्रानं ते काम सोपं केलं, असा तर्क त्यांनी मांडला. पुस्तक गाजलं. पुढे २०१८ मध्ये हॅली लिबरमन आणि एरिक शॅट्झबर्ग या दोन अभ्यासकांनी त्या पुस्तकातले दाखले एकेक करून तपासले. डॉक्टर असं सर्रास करत होते याला त्यांना पुरावा सापडला नाही. स्वतः मेन्स यांचंही म्हणणं असं, की आपण फक्त एक शक्यता मांडली होती. पण तोवर गोष्ट जगभर पसरली होती. मजेशीर गोष्टीच्या मागे तपासणी नेहमी लंगडतच येते.

खरं काय घडलं ते साधं आहे. १९०० नंतर अमेरिकेत आणि युरोपात घरोघरी वीज आली, तशी पंखा, इस्त्री यांच्या जोडीनं ही यंत्रंही बाजारात आली. जाहिराती मासिकांत, वर्तमानपत्रांत उघड छापून यायच्या. काय लिहायचे त्यात? डोकेदुखी जाते, थकवा उतरतो, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जातात, पोट साफ होतं. पुरुषांसाठी, बायकांसाठी, म्हाताऱ्यांसाठी, सगळ्यांसाठी एकच यंत्र. कामसुखाचा शब्द नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळत असेल, पण बोलायचं कुणी नाही. अश्लील वस्तू विकणं तिकडेही गुन्हाच होता. म्हणून मालिशचा मुखवटा. तो मुखवटा १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या स्त्री चळवळीनं उतरवला. बेटी डॉडसनसारख्या बायांनी शिबिरं घेतली, न्यूयॉर्कमध्ये बायकांनी बायकांसाठी दुकान काढलं. तेव्हा कुठे त्या वस्तूला तिचं खरं नाव मिळालं.

आणि हिस्टेरिया? बाई रडली, चिडली, बेशुद्ध पडली, नवऱ्याजवळ जायला नको म्हणाली, की डॉक्टर हा शिक्का मारायचे. आपल्याकडे खेड्यात अशा बाईला कुणी झाडानं धरलं म्हणतं, कुणी अंगात आलं म्हणतं. नाव वेगळं, पद्धत तीच. तिला काय होतंय हे तिला विचारायचं नाही. अमेरिकेच्या मानसोपचार तज्ज्ञांनी १९८० मध्ये हिस्टेरिया हा शब्द आपल्या रोगांच्या यादीतून काढून टाकला.

परदेशाचं सोडा, आपल्या वात्स्यायनाच्या कामसूत्रात शेवटच्या भागात कृत्रिम साधनांची चर्चा आहे. सोनं, चांदी, हस्तिदंत, लाकूड, कशाकशाची ती बनवावीत हे सांगितलं आहे. बाईला सुख होतं की नाही, पुरुषासारखंच होतं की वेगळं, यावर जुन्या आचार्यांचे मतभेदही त्यात नोंदवले आहेत. म्हणजे हा प्रश्न साहेबानं आणलेला नाही. इथेच होता. मधल्या काळात त्यावर झाकण बसलं.

हे झाकण मराठीत ज्यांनी काढलं, ते कर्वे.

एकट्यानं चालवलेलं मासिक

नोकरी गेल्यावर दोनच वर्षांनी, जुलै १९२७ मध्ये, कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. पुढची सव्वीस वर्षं ते चाललं. लेख लिहिणं, प्रुफं तपासणं, अंकाची बांधाबांध, पोस्टात टाकणं, बहुतेक सगळं स्वतःच. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं. नग्न शरीर म्हणजेच अश्लील, ही समजूत मोडायची म्हणून ते मुद्दाम छापलेलं. घरात अंक उशीखाली ठेवून वाचणारे वाचक चारचौघांत त्याला शिव्या देत, अशी त्याची ख्याती झाली.

मासिकात काय असायचं? संततिनियमनाचे उपाय, गुप्तरोगांची माहिती, आहार, विवाहसंस्थेवर टीका, अंधश्रद्धेवर टीका, परदेशी पुस्तकांचा परिचय. ‘शारदेची पत्रे’ या सदरात एका बाईच्या नावानं चालू घडामोडींवर खरमरीत लिहिलं जायचं. ते लिहिणारेही कर्वेच. पण वाचकांना सगळ्यात जवळचं वाटायचं ते प्रश्नोत्तरांचं पान. लोक पत्रानं आपल्या अडचणी विचारत आणि कर्वे उत्तरं देत. हस्तमैथुनानं माणूस कमजोर होतो का? पत्नीला संबंध नकोसा वाटतो, काय करावं? समान लिंगाच्या माणसाचं आकर्षण वाटतं, हा रोग आहे का? गावातल्या वैद्याला, घरातल्या थोरल्याला, गुरुजींना जे विचारता येत नव्हतं, ते लोक पोस्टाच्या विश्वासावर या अनोळखी प्रोफेसराला विचारत होते.

उत्तरं सरळ असायची. हस्तमैथुनानं शरीराची काही हानी होत नाही. वीर्य साठवलं म्हणजे तेज वाढतं, हा भ्रम आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कामसुखावर बाईचा पुरुषाइतकाच हक्क आहे. ती मूल जन्माला घालायचं यंत्र नाही आणि नवऱ्याची भूक भागवायचं भांडंही नाही. तिला सुख वाटत नसेल तर दोष तिच्यात शोधण्याआधी नवऱ्यानं आपलं अज्ञान तपासावं. कर्व्यांच्या लिखाणाचा हा कणा होता. गर्भाची भीती गेल्याशिवाय बाईला सुख घेता येणार नाही, म्हणून संततिनियमन. म्हणजे लोकसंख्या कमी करणं हा त्यातला एक भाग. त्याच्याही आधी बाईचं शरीर बाईच्या ताब्यात, हा मुद्दा.

इथंच त्यांचा त्या काळच्या मोठ्या माणसांशीही खटका उडाला. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या होत्या. पैनगंगा ओलांडून यवतमाळच्या पुढे गेलं की वर्धा. आपल्या भागापासून फार लांब नाही. संततिनियमनाच्या साधनांना गांधीजींनी पाठिंबा द्यावा म्हणून सँगर यांनी परोपरीनं सांगून पाहिलं. गांधीजी संयमावर ठाम राहिले. कर्व्यांना ब्रह्मचर्याचा हा उपदेश अशास्त्रीय वाटायचा आणि तसं ते छापायचेही. देश गांधीजींच्या मागे असताना हे लिहिणं म्हणजे उरलेसुरले मित्रही गमावणं होतं.

कोर्टाची पायरी

१९३१ मध्ये पहिला खटला झाला. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून. पुण्याच्या सनातनी मंडळींनी तक्रार केली होती. कोर्टानं लेख अश्लील ठरवून शंभर रुपये दंड केला. वरच्या कोर्टातलं अपीलही फेटाळलं गेलं. शंभर रुपये ही त्या काळी मोठी रक्कम होती आणि कर्व्यांच्या हाती नियमित पगार नव्हता.

१९३४ मध्ये पुन्हा अटक झाली. या वेळी कारण होतं वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. हस्तमैथुनाबद्दल आणि समलिंगी संबंधांबद्दल.

वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. गोलमेज परिषदा झालेल्या, पुणे करार होऊन दीड वर्ष झालेलं, देशभर नाव झालेलं. असल्या खटल्यात पडून बदनामीशिवाय काही मिळणार नव्हतं. तरी ते उभे राहिले. त्यांच्या युक्तिवादाचा सारांश असा, की मासिक ज्या विषयाला वाहिलेलं आहे त्या विषयावर वाचक प्रश्न विचारणारच आणि संपादकाला उत्तर द्यावंच लागणार. कामविषयक लिखाण तेवढ्या कारणानं अश्लील ठरत नाही. लोकांच्या मनात विकृती असेल तर ती ज्ञानानंच जाईल. ज्ञान दाबून नाही. समलिंगी आकर्षणाबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या तज्ज्ञांच्या लिखाणाचा आधार दिला. काही माणसांची ती नैसर्गिक ठेवण असते, मग त्यांनी आपल्या परीनं सुख शोधण्यात गैर काय, अशी ती मांडणी होती.

कोर्टाला ते पटलं नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. खटला हरला.

पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात रोहम या त्यांच्या पक्षाच्या सदस्यानं संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यामागे भाषण बाबासाहेबांचं होतं. वारंवारच्या बाळंतपणानं बाईचं काय होतं, हा त्यातला मुद्दा होता. ठराव काही मंजूर झाला नाही.

शेवटची वर्षं

समाजस्वास्थ्य कधीच पैशाचं काम झालं नाही. कर्व्यांनी ‘आधुनिक कामशास्त्र’, ‘आधुनिक आहारशास्त्र’ अशी पुस्तकंही लिहिली. त्यांचे धाकटे भाऊ दिनकर कर्वे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, भावजय इरावतीबाई नामवंत समाजशास्त्रज्ञ झाल्या. वडील महर्षी म्हणून देशात पूजले गेले. त्याच घरातला हा थोरला मुलगा मुंबईत टंचाईत मासिक काढत राहिला. १९४४ मध्ये मालतीबाई गेल्या. त्यानंतरची नऊ वर्षं ते एकट्यानंच अंक काढत होते.

१९५२ मध्ये भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. जगात असं करणारा भारत पहिला देश समजला जातो. ज्या कामासाठी कर्व्यांची नोकरी गेली, ते आता सरकारचं काम झालं. पण या कार्यक्रमाच्या आखणीत त्यांना कुठलंच मानाचं स्थान मिळालं नाही. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ ला, ते गेले. नोव्हेंबर १९५३ चा समाजस्वास्थ्यचा अंक शेवटचा ठरला. महर्षी कर्वे त्यांच्यानंतरही नऊ वर्षं जगले.

पुढे य. दि. फडके यांनी त्यांचं चरित्र लिहिलं, अनंत देशमुख यांनी त्यांचं लिखाण गोळा करून संपादित केलं. अमोल पालेकर यांनी ‘ध्यासपर्व’ हा सिनेमा काढला. रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे यांनी कुटुंबनियोजनाचं काम पुढे नेलं आणि त्या राज्यसभेतही गेल्या. म्हणजे माणूस अगदीच विसरला गेला असं नाही. विसरला गेला तो त्यांच्या कामाचा अर्धा भाग.

अर्धं काम राहिलंच

तो अर्धा भाग कोणता, हे आपल्याच जिल्ह्यात पाहता येतं. कर्वे मासिक काढत होते तेव्हा आदिलाबाद निजामाच्या राज्यात होतं, कारभार उर्दूत. नंतर आंध्र प्रदेश झाला, मग तेलंगणा. आज गावातली आशाताई घरोघर जाते, सरकारी दवाखान्यात निरोध आणि गोळ्या फुकट मिळतात. कर्व्यांचं संततिनियमन असं घराच्या दारापर्यंत आलं. पण दोन मुलं झाली की ऑपरेशन बहुधा बाईचंच होतं. पुरुषाचं ऑपरेशन सोपं असलं तरी गडी कमजोर होतो, ही समजूत पक्की आहे. ही समजूत खोटी आहे, हे कर्व्यांच्या काळापासून सांगून झालेलं आहे.

आणि बाईच्या सुखाचा प्रश्न? तो दवाखान्याच्या कुठल्याच पोस्टरवर नाही. बाजाराच्या दिवशी भिंतींवर, एसटीच्या आणि आरटीसीच्या स्टँडजवळ गुप्तरोगाचे इलाज करणाऱ्यांच्या जाहिराती मात्र अजून दिसतात. मर्दानी ताकद, धातू जाणं, लहानपणीच्या चुका. नव्वद वर्षांपूर्वी जे प्रश्न लोक कर्व्यांना विचारत होते, त्याच प्रश्नांवर ही दुकानं चालतात. उत्तर देणारा नसला की भीती विकणारा येतो.

कायदा थोडा थोडा पुढे सरकला. १९३४ मध्ये समलिंगी संबंधांवर उत्तर दिलं म्हणून कर्व्यांना दंड झाला. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं प्रौढांचे संमतीनं झालेले असे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे थेट यंत्राचाच प्रश्न आला. परदेशातून मागवलेले बॉडी मसाजर कस्टम्सनं अडवले होते. यांचा कामसुखासाठी वापर होऊ शकतो, म्हणून हा अश्लील माल, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. आधार १९६४ च्या एका अधिसूचनेचा. कोर्टानं ते मानलं नाही. असा वापर होईल ही अधिकाऱ्याची निव्वळ कल्पना आहे, तेवढ्यावर माल जप्त करता येत नाही, असा निकाल लागला.

निकाल चांगलाच झाला. पण नीट पाहिलं तर माल सुटला तो मालिशचं यंत्र म्हणून. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या मासिकांत ज्या मुखवट्याआडून ते विकलं जायचं, त्याच नावानं. बाईला तिच्या सुखासाठी अशी वस्तू हवी असू शकते आणि त्यात काही वावगं नाही, असं म्हणायची वेळ कोर्टावर आलीच नाही.

हे वाक्य मराठीत म्हणायला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. गणिताच्या एका प्रोफेसरनं ते महिन्यामागून महिने छापलं आणि त्याची किंमत नोकरीत, दंडात आणि बदनामीत चुकवली. त्यांचे प्रश्नोत्तरांचे जुने अंक आज वाचले तर भाषा जुनी वाटते. प्रश्न मात्र कालच्या पोस्टानं आल्यासारखे वाटतात.